गृहकर्ज देणाऱ्याचा परवाना

अमेरिकेत गृहकर्ज घेताना ग्राहकासमोर एक माणूस असतो: अर्ज भरून घेणारा, व्याजदराची बोलणी करणारा. २००८पूर्वी अनेक राज्यांत त्याचं ज्ञान कुणी तपासत नव्हतं. सुरुवातीला कमी हप्ता आणि दोन-तीन वर्षांनी झपाट्याने चढणारा व्याजदर, अशी कर्जं न परवडणाऱ्यांच्याही गळ्यात मारली गेली. लाखो कुटुंबांची घरं गेली.

जुलै २००८मध्ये केंद्रीय ‘सेफ’ कायदा आला आणि राज्यांना परवाना पद्धत लागू करावी लागली. आता किमान २० तासांचं शिक्षण हवं. त्यात ३ तास केंद्रीय कायदे, ३ तास नीतिमत्ता. परीक्षेत ७५ टक्के गुण हवेत. बोटांचे ठसे द्यावे लागतात, स्वतःची पतही तपासली जाते. शिवाय दरवर्षी ८ तासांचं शिक्षण.

बँकांच्या कर्मचाऱ्यांना मात्र नोंदणी पुरते, राज्याचा परवाना लागत नाही. ही सवलत मला पटत नाही. कर्जदाराची जोखीम दोन्हीकडे सारखीच असते.

तुमची मुलं न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये घर घेत असतील, तर त्यांना समोरच्याचा नोंदणी क्रमांक आधी मागायला सांगा. त्यावरून परवान्याची माहिती सरकारी नोंदींत विनामूल्य पाहता येते.