मदरबोर्ड घेताना आधी सॉकेट बघा

नवा पीसी जोडायचा म्हटलं की सगळे आधी ग्राफिक्स कार्डाचं विचारतात. मी विचारतो, सॉकेट कुठलं? कार्ड, एसएसडी उद्या बदलता येतं. मदरबोर्ड बदलायचा तर अख्खा पीसी उघडावा लागतो.

एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० वर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, पण रॅम डीडीआर४ की डीडीआर५, ते बोर्डावर ठरतं. चुकीची घेतलीत तर ती स्लॉटमध्ये बसणारच नाही.

म्हणून साठवलेले पैसे दिव्यांच्या झगमगाटावर घालू नका. रॅमचे चार स्लॉट आणि दुसरा एम.२ स्लॉट बघा. दुकानात जाण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमचा प्रोसेसर त्या बोर्डाच्या यादीत आहे का, कुठलं बायॉस लागतं, तेवढं तपासाच. भेटू पुढच्या भागात!