आपाचं मूत्रपिंड

डायलिसिसवर होतो तेव्हा मी पाणी पीत नव्हतो, मोजत होतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राशेजारी पडून राहायचं आणि घरी आल्यावर घोटाघोटाचा हिशेब ठेवायचा. मग माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, मला आपलं एक मूत्रपिंड दिलं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "आता पोटभर पाणी प्या." तो पेला मी अजून विसरलेलो नाही.

लोक विचारतात, "आता अगदी बरे झालात ना?" काय सांगावं? १९५४ साली बोस्टनमध्ये मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्यामुळे शरीराला नवा अवयव परका वाटला नाही. माझ्यासारख्यांचं शरीर मात्र सख्ख्या बहिणीचा अवयवही परका मानतं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज, घड्याळ लावून घ्यायच्या. मूत्रपिंड चालेल तोवर त्या सुटत नाहीत. साधा ताप आला तरी डॉक्टरांना कळवायचं. उघड्यावरची कापलेली फळं वर्ज्य. रक्ततपासणी आणि औषधांचा खर्च कायमचा.

पण दिवस माझे झाले. परगावी कविसंमेलनाला जातो, रात्री मुक्काम करतो. दुसऱ्या दिवशी यंत्र वाट पाहत नसतं.

पहिल्या रमजानला हीच मोकळीक डोक्यात गेली. कुणाला न सांगता रोजे धरले. उन्हाळ्याचे दिवस, पाणी तुटलं, गोळ्यांच्या वेळा चुकल्या. चौथ्या दिवशी गळून गेलो. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टर रागावले. आपा रागावली नाही. एवढंच म्हणाली, "रोजा तुझा रे, पण तहान माझ्या मूत्रपिंडाला लागते."

सलाईन लावल्यावर क्रिएटिनिन खाली आलं. थोडक्यात निभावलं. आजारी माणसाला धर्मानं सूट दिली आहे, हे मला ठाऊक होतं. ती सूट घेण्यात मला कमीपणा वाटत होता, इतकंच. आता रमजानमध्ये रोज एका गरिबाच्या जेवणाचे पैसे देतो. संध्याकाळी घरचे खजुरानं रोजा सोडतात, तेव्हा मीही दस्तरखानावर बसतो. आपा आली असली की माझ्यापुढे न बोलता पाण्याचा तांब्या सरकवते. मी पितो. तिनं दिलेलं जपायचं ते असंच.