शॉकअप नवीन, उसळी जुनीच : कन्हानच्या एका पिकअपची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागातलं बोलणं वाचण्यासाठी थोडं नीटनेटकं करून इथे दिलं आहे.)

आज कोडिंग नाही, आज गाडी. आमच्या बाबांची जुनी पिकअप. कन्हानहून पहाटे भाजी भरायची, नदीचा पूल ओलांडून कामठीवरून नागपूरच्या कळमना मार्केटला पोचवायची, हे त्यांचं रोजचं काम. माझी इंजिनिअरिंगची फी याच गाडीच्या भाड्यातून गेली आहे. त्यामुळे ही गाडी बंद पडणं म्हणजे आमच्या घरात सर्व्हर डाऊन.

झालं असं की गाडी पुढून उसळायला लागली. छोटा खड्डा आला तरी स्टिअरिंग हातात नाचायचं. बाबा चालवत राहिले. पण एका पहाटे कामठीजवळ एक दुचाकी आडवी आली, बाबांनी ब्रेक दाबला आणि पुढची चाकं टपटप उड्या मारायला लागली. चाक हवेत असेल तर ब्रेक लागणार कशाला? गाडी थांबली, पण दुचाकीपासून हातभर अंतरावर. बाबांनी हे घरी सांगितलं नाही. सोबतच्या पोराकडून मला कळलं.

मी सुट्टी टाकून घरी आलो. व्हिडिओ बघितले, बंपर दाबून सोडला, गाडी दोन-तीनदा थरथरली. निदान पक्कं: शॉकअप गेले! साडेचार हजार खर्चून पुढचे दोन्ही शॉकअप नवीन टाकले. बाबा बाजूला उभे राहून एवढंच म्हणाले, "अरे बाबू, शॉकअप कायले बदलवून राहिला? पाटे बोलूनच नाही राहिले आता." मी हसलो. मला वाटलं, पाट्यांचा कुईकुई आवाज बंद झाला, हे तर चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने गेलो. उसळी जशीच्या तशी.

आता चुकलं कुठे ते सांगतो. गाडीच्या खाली तीन गोष्टी असतात. पाटे किंवा स्प्रिंग धक्का झेलतात आणि तीच ताकद परत फेकतात. शॉकअप ती ताकद खातो: आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, गरम होतं आणि उसळी विरते. तिसरा स्प्रिंग आपण विसरतो, तो म्हणजे हवा भरलेला टायर. आणि टायरला शॉकअप नसतो. आता समजा, पाटे हलतच नाहीत. मग शॉकअपही हलणार नाही, कारण तो चेसिस आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बसवलेला असतो. तो नवाकोरा असला तरी नुसता लोखंडी दांडा. अख्खी गाडी मग टायरवर उसळते, चेंडूसारखी. बंपर दाबल्यावर मला जे थरथरणं दिसलं, ते टायरचं होतं.

हे मला फोनमुळे कळलं. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर असतो. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात बनलेलं. फोन डॅशबोर्डवर घट्ट चिकटवला, बाबांना गाडी चालवायला सांगितली आणि ग्राफ बघितला. पाटे मोकळे असतील तर गाडी सेकंदाला साधारण दीड-दोनदा झुलते. आमची तीनपेक्षा जास्त वेळा उसळत होती. म्हणजे हे झुलणं पाट्यांचं नव्हतंच.

मग खरी परीक्षा केली, तीही जॅकने. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि जॅक अ‍ॅक्सलखाली न लावता चेसिसखाली लावला. निरोगी गाडीत चेसिस वर जाते, पाट्याची कमान वाढते आणि चाक बराच वेळ जमिनीवरच राहतं. आमचं चाक जवळजवळ लगेच उचललं गेलं. पाट्याच्या टोकाला जो झोका असतो, ज्याला मिस्त्री लोक शॅकल म्हणतात, तो जागचा हललाच नाही. ग्रीसच्या निप्पलमध्ये चिखल आणि काळी भुकटी दगड होऊन बसलेली. आमच्याकडे कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. धूळ आणि पावसाचं पाणी मिळून पिना गंजल्या, पाटे एकमेकांना चिकटले.

पाटे बोलत नव्हते, कारण ते घासतच नव्हते. आणि घासत नव्हते, कारण ते जाम होते. बाबांनी निदान आधीच केलं होतं. मीच त्याला आवाजाची तक्रार समजलो.

पाटे दुरुस्त करणाऱ्याकडे गाडी नेली. त्याने पाटे सुटे केले, गंज काढला, पिना आणि बुश नवीन टाकले, ग्रीस भरलं, यू-बोल्ट नवीन लावले. खर्च शॉकअपपेक्षा कमी. पुन्हा चेसिस उचलली तेव्हा चाक दोन-अडीच इंचापर्यंत जमिनीवरच होतं. काढलेले जुने शॉकअप मी उभे धरून ओढून-दाबून बघितले. दोन्ही बाजूंना जोर लागत होता, तेलाची गळती नाही. चांगले होते बिचारे!

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर हा क्रम लक्षात ठेवा.

एक, आधी टायरची हवा बघा. जास्त हवा म्हणजे जास्त उसळी. टायरला फुगा आहे का, एकाच जागी झिजला आहे का, तेही बघा.

दोन, उसळी कधी येते? रिकामी पिकअप थोडी कडक चालणारच, तिचे पाटे मालासाठी बनवलेले असतात. ठराविक वेगालाच थरथर होत असेल तर संशय चाकाच्या बॅलन्सिंगवर घ्या.

तीन, पाटे हलतात का? चेसिस उचलून बघा, शॅकल बघा, पाटा तुटला आहे का बघा.

चार, एवढं सगळं ठीक असेल तर शॉकअपकडे वळा. खड्ड्यानंतर गाडी सावकाश झुलतच राहत असेल, शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल, तर तो गेला.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. खाली मजबूत स्टँड लावा. यू-बोल्ट नवीन टाकले असतील तर काही दिवस गाडी चालवून ते परत आवळून घ्या.

ऑफिसमध्ये बग आला की मी आधी लॉग बघतो, मगच कोड बदलतो. घरी आलो आणि सरळ पार्ट बदलला. लॉग तर समोर उभा राहून बोलत होता, वीस वर्षं त्याच सीटवर बसलेला.

परवा बाबांचा फोन आला. म्हणाले, "पाटे बोलून राहिले बरं का बाबू." मी विचारलं, "बाबा, आणि ब्रेक?" म्हणाले, "लागते ना व्यवस्थित. तू जेव आता."

तुमच्या गाडीचा असा किस्सा असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हवा चेक करा!