देखरेखीखालची दोन वर्षे

आंजर्ल्यासारख्या किनारी गावात घरातील माणसाचे मन बिघडल्याची शंका आली की मंडळी देवाला कौल लावतात, मग मुंबईच्या नातेवाइकाला विचारतात आणि त्याने दिलेल्या पत्त्यावर मानसशास्त्रातील एम.ए. ही अक्षरे दिसली की निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा घाईचा आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मनोविकाराचे मूल्यमापन करून औषधांवाचून मानसोपचार करणारा तज्ज्ञ, केवळ त्या पदवीने घडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्येनुसार एक तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची या विषयातील अर्हता लागते, नाहीतर पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., आणि तोही देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पूर्वसंस्थेत असे शिक्षण १९५५ पासून सुरू झाले.

‘देखरेखीखालील’ हा शब्द सुटू नये. आंजर्ल्याजवळच्या जोग नदीच्या मुखाशी वाळू सरकत राहते, त्यामुळे पोहणे आणि वाऱ्यांची नावे येतात एवढ्यावर कोणी पोराच्या हाती होडीचे सुकाणू देत नाही. तो आधी जुन्या तांडेलाच्या हाताखाली खलाशी असतो, आणि पुढे सुकाणू धरले तरी तांडेलाची नजर त्याच्यावर असतेच. प्रशिक्षणार्थीही रुग्णाचा पूर्वेतिहास घेतो, चाचण्या घेतो, निष्कर्ष काढतो आणि तो निष्कर्ष मार्गदर्शकापुढे मांडून दुरुस्त करून घेतो. होडीचे यंत्र दुरुस्त करणारा जसा निराळा, तसा औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर या शाखेत शिकलेला डॉक्टर, निराळा. तेवढा भेदही सुशिक्षितांनी पाळू नये, हे नवलच.

पुन्हा सांगणे भाग आहे: पदवी किती मोठी, यापेक्षा ती दोन वर्षे कोणाच्या नजरेखाली गेली, हे विचारावे. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतील नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. मासळी पारखून घेणाऱ्यांनी इथेच संकोच का करावा?

रत्नागिरीला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे खरे, परंतु जिल्हा एकच असला तरी आंजर्ल्याहून जाऊन येण्यात दिवस मोडतो. त्यामुळे २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक टिपून ठेवावा. तेथे प्रथम समुपदेशक बोलतो आणि गरजेनुसार तज्ज्ञाकडे पाठवतो. त्या समुपदेशकाच्या शिक्षणाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आजच्या वेळेत बसणारा नाही.