संशोधन उंबरठ्यापर्यंत



संशोधन म्हणजे शहरातील प्रयोगशाळा, अशी आपली समजूत असते. गडचिरोलीने ती खोटी ठरविली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे १९९३ पासून नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. हजार जन्मांमागे सुमारे ६० बाळे पहिल्याच महिन्यात दगावत. इस्पितळ दूर. म्हणून ३९ गावांतील स्त्रियांनाच बाळाचे वजन करणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे शिकविले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये सरकारने याच धर्तीवरील काम देशभरातील आशाताईंवर सोपविले.

डॉक्टरांनी ज्ञान दिले, गावच्या स्त्रियांनी हात दिले, सरकारने विस्तार दिला. चौथे भागीदार आपण. बाळंतिणीचे चाळीस दिवस आपण पाळतोच. आशाताईंच्या भेटीही बेचाळीस दिवसांपर्यंत असतात. त्यांना दारातून परत पाठवू नका.

आणखी एक. गडचिरोलीत जीव वाचविणाऱ्या त्या स्त्रिया पाचवी ते दहावी शिकलेल्या होत्या. मुलीची शाळा मध्येच बंद करण्यापूर्वी पालकांनी एवढे आठवावे.