भिंतीवर लिहिलेले वर्ष



इंदूरहून महूमार्गे खंडव्याकडे जाणारा जुना लोहमार्ग पाताळपाणीपाशी घाट उतरू लागतो. तेथे तंट्या भिल्लाचे स्मारक आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूर येथे त्यास फाशी देण्यात आले, आणि त्याचा देह पाताळपाणीच्या रुळांजवळ आणून टाकला, असे परंपरा सांगते. गाडीने येथे क्षणभर थांबून तंट्यामामाला वंदन करावे व मगच पुढे जावे, असा परिपाठ लोक सांगत आले. २०२१ साली इंदुरातील भंवरकुआं चौकासही त्याचे नाव देण्यात आले. हे सारे योग्यच झाले. परंतु ज्याचा आपण असा गौरव करतो, त्याच्या लोकांची पूर्वजांना स्मरण्याची रीत कोणती, हे आपण कधी विचारले आहे काय?

झाबुवा-अलिराजपूरकडे शेताच्या कडेला वा वाटेवर कोरीव शिळा उभ्या दिसतात. त्यांना गातला म्हणतात. वर सूर्य-चंद्र आणि खाली घोड्यावर बसलेला दिवंगत पुरुष, अशी त्यांची साधी मांडणी असते. माणूस गेला तरी शिवाराच्या आणि आकाशाच्या सोबतीतच राहतो, हा त्या शिळेचा भाव मला वाटतो.

घराच्या भिंतीवर हीच दृष्टी पिथोऱ्याच्या रूपाने प्रकट होते. पाऊस यावा, पीक साधावे, दुखणे टळावे म्हणून बोललेला नवस फेडताना पिथोरा ‘लिहवून’ घेतात. घोड्यांच्या रांगांभोवती नांगर धरलेला शेतकरी, विहिरीवर पाणी भरणाऱ्या स्त्रिया, ताडावर चढणारा माणूस, मधमाश्या अशी सारी सृष्टी अवतरते. शेवटी बडवा, म्हणजे गावचा पुजारी, चित्र निरखून पाहतो. काही राहिले असल्यास ते पुरे करावे लागते. ऋतूंचे व कामांचे ज्ञान असे सर्वांदेखत पडताळले जाते. पुतळ्याचे अनावरण एकदाच होते. पिथोरा मात्र प्रत्येक पिढीला पुन्हा लिहावा लागतो, म्हणूनच तो विस्मृतीत जात नाही.

भाबऱ्याचे पेमा फत्या हे ह्या परंपरेतील थोर चित्रकार २०२० साली निवर्तले. झाबुव्यातील पिटोलच्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत असता जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रे काढावयास सांगितले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विटा वाहणाऱ्या हातांत केवढी विद्या होती, हे एका जाणकाराने विचारले म्हणून कळले.

इंदुरातही झाबुव्याकडील माणसे मजुरीस येतात, आणि पाऊस जवळ आला की पेरणीसाठी गावी परततात. आपण त्यांच्याकडून भिंती बांधून घेतो. त्यांपैकी एखादी भिंत त्यांच्या जाणत्यांच्या स्वाधीन करावयास काय हरकत आहे? पिथोरा नवसाचा आहे. चौकाच्या शोभेसाठी तो मागू नये. काय रेखावे आणि काय घरीच ठेवावे, हे त्यांनीच ठरवावे. मोल पुरे द्यावे आणि खाली चित्रकाराचे नाव लिहावे.

तंट्याच्या चौकातून शाळेला जाणाऱ्या मुलाने मोह केव्हा फुलतो व मका केव्हा पेरतात, हे त्या भिंतीवरून ओळखले, तर तंट्यामामाला केलेले आपले वंदन त्याच्या लोकांपर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.