बेटावरचा दिवस आणि साखळीचा दिवस



देशभरातून माणसं विश्रांतीसाठी गोव्यात येतात. चार दिवस समुद्राचा वारा खातात, ताजीतवानी होऊन परत जातात. त्याच गोव्यात मधुमेहाचं प्रमाण मात्र देशात सगळ्यांत जास्त आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांमधलं मधुमेहाचं राष्ट्रीय प्रमाण त्यात ११.४ टक्के निघालं आणि गोव्याचं २६.४ टक्के, म्हणजे चौघांत एकाहून जास्त. गोव्यात वयस्क माणसांचा वाटा मोठा आहे, शहरी राहणी लवकर पसरली, ही कारणं खरी आहेत. पण ती सगळी लक्षात घेतली तरी एक प्रश्न उरतोच. पाहुण्याला आठवडाभरात जी भूमी बरं करते, ती तिथं जन्म काढणाऱ्याला का बरं करत नाही? माझं म्हणणं असं, की पाहुण्याला बरं करतो तो सुट्टीतला दिवस. भूमीचा वाटा त्यात थोडा. तो दिवस कसा घडतो हे कळलं तर त्यातलं बरंच काही साखळीच्या बाजारपेठेत, डिचोलीच्या गल्लीत, पेडण्याच्या वाड्यावरही करता येण्यासारखं आहे.

नेदरलँड्समध्ये लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांचा अभ्यास झाला होता. सुट्टी सरासरी तेवीस दिवसांची होती. प्रकृती आणि मनःस्थिती सुधारत गेली, आठव्या दिवसाच्या सुमारास ती सर्वांत चांगली होती, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळं पूर्वपदावर आलं. तीन आठवड्यांची कमाई सात दिवसांत संपली! मग फायदा नेमका कशानं झाला होता? कुठं गेलो, काय पाहिलं, यापेक्षा झोप, निवांतपणा आणि आपल्या वेळेवर आपला ताबा या गोष्टींशी त्याचा संबंध अधिक दिसला. बेटावर या गोष्टी आपसूक मिळतात, कारण बेट माणसाची घाई चालू देत नाही. दूर जायला नको, आपलं दिवाडी बेट पाहा. नार्व्याच्या धक्क्यावर रस्ता संपतो. फेरीबोट पलीकडच्या काठाला असली की गाडी बंद करून उभं राहायचं. बोट येते, फळी खाली होते, तिकडची माणसं उतरतात, मग इकडची चढतात. कितीही मोठा माणूस असला तरी त्याला तेवढा वेळ नदीकडे बघत, शेजारच्याशी दोन शब्द बोलत काढावा लागतो. तिथं रोज ये-जा करणाऱ्याला या खोळंब्याचा जाच होतो, आणि आजारी माणूस न्यायचा असेल तर तो जाच गंभीरच असतो. त्याचं गुणगान मी करणार नाही. मुद्दा एवढाच, की दिवसात थांबायची जागा असली की शरीर सैलावतं, आणि ती जागा नदीशिवायही ठेवता येते.

बेट असणं पुरेसं नाही, याचा पुरावा प्रशांत महासागरात आहे. नाउरू हे जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं बेट. तिथं फॉस्फेटच्या खाणी निघाल्या, पैसा आला, बेटाचा मधला भाग खणून ओसाड झाला. मासेमारी आणि बागायत मागं पडली, ताटात आयात केलेले डबाबंद पदार्थ, पांढरा तांदूळ आणि साखर आली. १९७५ मध्ये तपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह निघाला. चहूकडे निळा समुद्र आणि मधे ही अवस्था. डिचोली तालुक्यातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्याकडेही लोहखनिजाच्या खाणींची माती पावसात शेतांत उतरली, काही ठिकाणी वायंगणाचं पीक थांबलं, कुदळ-नांगरावरचा माणूस ट्रकच्या सीटवर बसला, घरचे उकडे तांदूळ जाऊन दुकानातली पिशवी आली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणी थांबल्या, पण बसून काम करायची आणि विकतचं खायची सवय थांबली नाही. खाणीनं रोजगार दिला हे मी नाकारत नाही. कित्येकांची मुलं त्यावर शिकली. तरी शरीरानं त्याची किंमत मोजली, हेही मोकळेपणानं म्हटलं पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, ग्रीसचं इकारिया, इटलीचं सार्डिनिया, जपानचं ओकिनावा या बेटांवर शंभरी गाठलेली माणसं म्हणे घरोघर आढळतात, त्याचं काय? या शंभरीच्या नोंदींवर सॉल न्यूमन या संशोधकानं कडक टीका केली आहे. जन्मनोंदी सदोष असतात, पेन्शनसाठी मृत्यू लपवले जातात, असं त्याचं म्हणणं. वाद अजून चालू आहे आणि माझा युक्तिवाद त्या आजोबा-आजींवर उभा नाही. मला त्याच ओकिनावाची दुसरी नोंद अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकी तळांबरोबर तिथं तयार खाणं आलं, मोटारी आल्या, आणि पुरुषांच्या आयुर्मानात एकेकाळी पहिल्या रांगेत असलेला हा प्रांत २००० सालच्या आकडेवारीत जपानच्या सत्तेचाळीस प्रांतांत सव्विसाव्या क्रमांकावर घसरला. समुद्र तोच होता, दिवस बदलला होता.

आता आपल्या दिवसाकडे येऊ. साखळीत दुपारी दुकानांची दारं ओढली जातात, शीत-हुमण जेवून माणूस घटकाभर आडवा होतो. बाहेरचे लोक याला आळस म्हणतात आणि अलीकडे आपलीच तरुण मुलंही म्हणू लागली आहेत. ग्रीसमध्ये तेवीस हजारांहून अधिक लोकांवर सहा वर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, दुपारी नियमित झोपणाऱ्यांत हृदयविकारानं होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि नोकरी-धंदा करणाऱ्या पुरुषांत हा संबंध जास्त ठळक होता. झोपेनंच हृदय वाचलं असं यातून सिद्ध होत नाही. ज्याला दुपारी पडायची मुभा आहे त्याच्यावर ताणही कमी असणार. शिवाय दोन-दोन तास घोरत पडणं ही वेगळी गोष्ट, तिचा संबंध काही अभ्यासांत उलट रोगांशीच दिसतो. अर्धा तास पुरे. पण तो अर्धा तास मोबाइलवर घालवून वर दुकान चोवीस तास उघडं ठेवण्याची जी टूम निघाली आहे, तिला मी प्रगती म्हणणार नाही.

जेवणाबाबत आक्षेप रास्त आहे: भातखाऊ माणसाला भाताचंच कौतुक सांगून काय उपयोग? उकडताना भातातली काही जीवनसत्त्वं कोंड्यातून दाण्यात उतरतात, म्हणून उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा सरस. तरी ताटभर उकडाही रक्तात साखरच होतो. आपल्या आज्यांचं ताट आठवा. शीत होतं, पण बरोबर तांबडी भाजी होती, अळसांद्यांची उसळ होती, किस्मूर होतं. आणि खाणारा सकाळपासून कुळागरात राबलेला असे. राबणं गेलं आणि शीत तेवढंच राहिलं, इथं हिशेब चुकला. शीत निम्मं करून भाजी-उसळ दुप्पट करणं हा त्यावरचा साधा उपाय, आणि रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालणं हा दुसरा. जेवणानंतरच्या चालण्यानं रक्तातली साखर कमी चढते, हे तपासून पाहिलेलं आहे. सुट्टीवरचा माणूस जेवून किनाऱ्यावर फिरतो, याचं आपल्याला अप्रूप वाटतं; वाळवंटीचा काठ, विठ्ठलापूरचं देऊळ आपल्याला पायी अंतरावर आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला तिथं होड्यांची रोषणाई पाहायला अख्खा गाव लोटतो. उरलेल्या वर्षभर त्या वाटेवर दिवा आहे का, चालायला कडेची जागा मोकळी आहे का, बाई एकटी निर्धास्त फिरू शकते का, हे नगरपालिकेला विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते आरोग्याचेच प्रश्न आहेत.

राहिला शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप. कारखान्यात रात्रपाळी करणारा, हॉटेलात पाहुण्यांची सुट्टी सुखाची व्हावी म्हणून मध्यरात्रीपर्यंत उभा राहणारा मुलगा, पहाटे मासळी आणायला निघणारी बाई, यांनी दुपारी कुठं आडवं व्हायचं? वेळेवरचा ताबा त्यांच्या हातात नाहीच. त्यांना शिस्त शिकवणं अन्यायाचं होईल. त्यांच्यासाठी मालकानं पाळ्या दर दोन दिवसांनी न फिरवता महिनाभर स्थिर ठेवाव्यात, मधल्या सुट्टीत पाठ टेकायला एक खोली द्यावी, कँटीनमध्ये वडापावाच्या जोडीला उसळ आणि पेज ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी साखर तपासणी पाळी सुटायच्या वेळेला फाटकावर नेली तर बाह्यरुग्ण विभागाच्या सकाळच्या वेळेत कधीच न पोचणारी ही माणसं निदान मोजली तरी जातील.